स्पोर्ट्स कार हिवाळाभर उभी ठेवताना: काय करायचं, कोणत्या क्रमाने आणि काय टाळायचं

नवी स्पोर्ट्स कार घरी आली की पहिल्याच हिवाळ्याच्या तोंडावर माणूस सल्ले गोळा करायला लागतो आणि पार गोंधळून जातो. एक म्हणतो टाकी फुल्ल करा, दुसरा म्हणतो रिकामी करा. एक म्हणतो दर आठवड्याला दहा मिनिटं इंजिन चालवा, दुसरा म्हणतो किल्लीला हातसुद्धा लावू नका. या गोंधळातून मीही गेलो आहे. आता माझं मत पक्कं झालंय: नुसत्या कोरड्या थंडीने उभ्या गाडीचं फारसं काही बिघडत नाही. गाडीची वाट लागते ती ओलीने, उतरलेल्या बॅटरीने आणि उंदरांनी. खाली जे काही सांगितलंय त्यातलं बहुतेक या तिघांपैकी कुणाच्या तरी बंदोबस्तासाठी आहे.

गाडी तीन ते पाच महिने सलग उभी राहणार, बाहेर पारा शून्याखाली जाणार आणि रस्त्यांवर मीठ पडणार, असं धरून हे लिहिलंय. दोन-तीन आठवड्यांचाच प्रश्न असेल तर एवढा घाट घालू नका. गाडी धुवा, टाकी भरा, बॅटरी मेंटेनरला लावा, झालं.

आधी हे जमवून ठेवा

सामान:
- बॅटरी मेंटेनर (साधा चार्जर नव्हे, फरक पुढे येईलच)
- साधा मल्टिमीटर
- फ्यूएल स्टॅबिलायझर (साठवलेलं पेट्रोल लवकर खराब होऊ न देणारं रसायन)
- गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचं इंजिन ऑइल, फिल्टर आणि ड्रेन प्लगचा नवा वॉशर
- कूलंट तपासायचा रिफ्रॅक्टोमीटर किंवा हायड्रोमीटर
- टायरमधली हवा मोजायचा गेज आणि पंप
- चाकांना लावायचे चार ठोकळे
- हवा खेळती राहील असं कापडी कव्हर
- स्टेनलेस स्टीलची किंवा तांब्याची बारीक जाळी, लाल फीत, उंदरांचे पिंजरे
- ओल शोषणाऱ्या पिशव्या आणि हवेतली आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर

कागदपत्रं:
- नोंदणीची कागदपत्रं
- विम्याची चालू पॉलिसी, अटींच्या पानांसकट
- गाडीचं मॅन्युअल
- सर्व्हिसचा इतिहास
- जागा भाड्याची असेल तर करारपत्र

१. जागा ठरवा

बहुतेकांना गरम केलेलं गॅरेज म्हणजे उत्तम असं वाटतं. खरं तर थंड पण कोरडी जागा ही गरम पण दमट जागेपेक्षा कितीतरी चांगली. हवेतली सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की लोखंड गंजण्याचा वेग झपाट्याने वाढतो. ती ५० टक्क्यांच्या आसपास राखता आली तर पत्रा आणि चामडं दोन्ही सुखात राहतात.

काही गॅरेज दिवसभर थंड असतात आणि मालक आला की तासभर हीटर लावतो. हे सगळ्यात वाईट. हवा पटकन गरम होते, पण टनभर धातू थंडच राहतो आणि त्या धातूला घाम सुटतो. ब्रेकच्या डिस्कवर हात फिरवा, बोटं ओली होतील. त्यातून हीटर गॅसचा किंवा रॉकेलचा असेल आणि त्याला धुराडं नसेल तर जळणातून निघणारी वाफही खोलीतच राहते. कार्बन मोनॉक्साइडचा धोका आहे तो वेगळाच. गरम करायचंच असेल तर हिवाळाभर एकसारखं, हलकं गरम ठेवा. नाहीतर अजिबात करू नका.

डिह्युमिडिफायर (हवेतली ओल काढणारं यंत्र) घेणार असाल तर कॉम्प्रेसरवाला थंड गॅरेजमध्ये उपयोगाचा नाही, त्याच्या कॉइलवर बर्फ धरतो. डेसिकंट प्रकारचा, म्हणजे ओल शोषणाऱ्या पदार्थावर चालणारा घ्या, तो शून्याच्या जवळही काम करतो.

आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही. त्याच गॅरेजमध्ये रोजची गाडी लावत असाल तर तिच्या चाकांच्या कमानीत अडकलेला खारट बर्फ रात्रभर वितळत असतो. ते पाणी उताराने पसरतं, थेट शेजारच्या गाडीच्या टायरपर्यंत जातं आणि वाफ होऊन हवेत राहतं. दोन गाड्यांच्या मध्ये फरशीवर उंच कडेची मोठी रबरी चटई टाका. जमलं तर रोजची गाडी बाहेरच ठेवा.

भाड्याची जागा घेताना हे विचारून घ्या: गाडीजवळ विजेचा सॉकेट मिळेल का, किल्ली कुणाकडे राहील, गाडी मधेच हलवली जाईल का आणि हलवणार कोण, आग लागली किंवा छत गळलं तर भरपाई कोण देणार, आणि मोसम सुरू झाल्यावर गाडी काढायची तर किती दिवस आधी कळवायचं. उत्तरं तोंडी मिळाली तर ती करारात लिहून घ्या.

२. विमा आणि नोंदणी

गाडी उभी आहे म्हणून विमा बंद करण्याचा मोह होतो. तो आवरा. आग, चोरी, छत कोसळणं, नळ फुटणं हे सगळं उभ्या गाडीलाही होतं. काही विमा कंपन्या उभ्या गाडीसाठी कमी हप्त्याचं संरक्षण देतात, त्याची चौकशी करा. काही देशांत गाडी तात्पुरती रस्त्यावरून उतरवल्याची अधिकृत नोंद करता येते आणि करही वाचतो. पण मग त्या काळात ती सार्वजनिक रस्त्यावर उभीदेखील करता येत नाही, हे लक्षात असू द्या.

पॉलिसीत अलार्म किंवा ट्रॅकर चालू ठेवण्याची अट आहे का ते आत्ताच वाचा. पुढे बॅटरी काढायची की नाही, ते यावर ठरतं.

गाडीचे चारही बाजूंनी फोटो काढा, ओडोमीटरचाही काढा.

३. धुणं, पेट्रोल आणि शेवटची फेरी: क्रम महत्त्वाचा

धुणं, पेट्रोल आणि ऑइल ही तीन कामं सुटी सुटी केली तर प्रत्येक वेळी काहीतरी राहतं. एकाच दिवशी, याच क्रमाने करा: आधी गाडी धुवा, मग पेट्रोल भरा, मग अर्धा तास चालवून घरी या आणि इंजिन गरम असतानाच ऑइल बदला. त्या अर्ध्या तासात ब्रेक आणि खालचा पत्रा वाळतो, स्टॅबिलायझर मिसळलेलं पेट्रोल इंजेक्टरपर्यंत पोचतं आणि ऑइल पातळ होऊन घाण सोबत घेऊन निघतं. रस्त्यावर पहिलं मीठ पडायच्या आत, कोरडा दिवस बघून हे उरकायचं.

धुताना वरची चमक दुय्यम आहे. खालून धुवा. चाकांच्या कमानी, दाराखालचा पट्टा, चाकांची आतली बाजू इथे चिखल बसलेला असतो आणि तो हिवाळाभर ओल धरून ठेवतो. पक्ष्यांची विष्ठा आणि किड्यांचे डाग राहू देऊ नका, ते रंगात उतरतात. नंतर एक हात वॅक्सचा किंवा सीलंटचा. पाणी निघून जाण्याच्या वाटांमध्ये पालापाचोळा अडकला असेल तर तो काढा. पुढच्या काचेच्या कडेला आणि उघडणाऱ्या छताच्या कोपऱ्यांत त्या हमखास तुंबतात.

टाकी फुल्ल करा. रिकाम्या जागेत हवा असते, हवेत वाफ असते, आणि थंडीत ती वाफ टाकीच्या भिंतींवर पाणी होऊन बसते. त्यात आजच्या पेट्रोलमध्ये बऱ्याच ठिकाणी इथेनॉल असतं. ते पाणी ओढून घेतं आणि प्रमाणाबाहेर पाणी झालं की इथेनॉल-पाण्याचं मिश्रण पेट्रोलपासून वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं. इंधनाचा पंप नेमका तळातूनच ओढतो. इथेनॉल नसलेलं पेट्रोल मिळत असेल तर शेवटची टाकी त्याची भरा. स्टॅबिलायझर आधी टाकीत ओता आणि मग पेट्रोल भरा, म्हणजे तो आपोआप ढवळला जातो. बाटलीवर लिहिलंय तेवढाच घाला, दुप्पट घालून दुप्पट फायदा होत नाही.

ऑइल आत्ता बदलायचं की हिवाळा संपल्यावर, यावर लोक हिरिरीने भांडतात. मी आत्ताच्या बाजूचा आहे. वापरलेल्या ऑइलमध्ये ज्वलनातून आलेली आम्लं आणि ओल असते. ती बेअरिंगला चार-पाच महिने चिकटून राहावी असं मला वाटत नाही. नवं ऑइल भरल्यावर इंजिन मिनिटभर चालवा, गळती नाही ना ते बघा आणि बंद करा. जुनं ऑइल गटारात जाणार नाही याची काळजी घ्या.

४. कूलंट आणि इतर द्रवं

पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं. कूलंट पातळ झालेलं असेल तर फुगणारा बर्फ इंजिनचा ब्लॉक किंवा रेडिएटर फोडू शकतो. एथिलीन ग्लायकॉल आणि पाणी निम्मं-निम्मं असेल तर मिश्रण उणे ३७ अंश सेल्सिअसच्या आसपासपर्यंत टिकतं. मग निव्वळ कूलंटच भरलं तर? उलटंच होतं. शुद्ध एथिलीन ग्लायकॉल उणे १२-१३ अंशांनाच गोठतं. त्यामुळे डोळ्यांनी अंदाज करू नका, रिफ्रॅक्टोमीटरवर एक थेंब टाकून आकडा वाचा. कूलंटच्या रंगावरूनही काही ठरवू नका, मॅन्युअलमधलं स्पेसिफिकेशन बघा.

इंजिन मधे किंवा मागे आणि रेडिएटर पुढे अशा गाड्यांत कूलंटच्या लांब नळ्या गाडीच्या पोटाखालून जातात. त्यातली हवा काढणं कटकटीचं असतं. वरून थोडं भरण्यापलीकडचं काम असेल तर वर्कशॉपवर सोपवा.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. दोन वर्षं होत आली असतील तर हिवाळ्याआधी बदललेलं बरं. काच धुवायच्या टाकीत साधं पाणी असेल तर ते संपवून हिवाळी द्रव भरा आणि नळीत जाईपर्यंत एकदा फवारा मारा.

५. टायर आणि ब्रेक

जड गाडी एकाच जागी उभी राहिली की टायरचा जमिनीला टेकलेला भाग चपटा होतो. रुंद आणि कमी उंचीच्या टायरला याचा जास्त त्रास. तापमान ५-६ अंशांनी उतरलं की टायरमधला दाबही सुमारे १ पीएसआयने उतरतो. म्हणून उभी करताना नेहमीपेक्षा ४ ते ७ पीएसआय जास्त भरा, पण टायरच्या बाजूवर छापलेल्या कमाल आकड्याच्या पुढे जाऊ नका. चाकांखाली गार काँक्रीटऐवजी जाड फोम, प्लायवूड किंवा जुन्या गालिच्याचे तुकडे असू द्या.

गाडी जॅक स्टँडवर चढवून चाकं अधांतरी ठेवण्याचा सल्ला मी देत नाही. सस्पेन्शन महिनोन्महिने लोंबकळत राहतं, रबरी बुश पिळलेल्या अवस्थेत राहतात आणि शॉक ॲब्सॉर्बरचा दांडा उघडा पडतो. शिवाय बसक्या गाडीचे जॅक लावायचे बिंदू चुकले तर खालचं पॅनेल तुटतं. एका हिवाळ्यापुरतं, गाडी तिच्या चाकांवरच राहू द्या.

उन्हाळी किंवा ट्रॅकच्या टायरचं रबर कडाक्याच्या थंडीत ठिसूळ होतं. अशा थंडीत गाडी ढकलली किंवा चालवली तर त्याला चिरा पडू शकतात. म्हणजे जानेवारीत 'जरा पुढे घेऊ' हा विचारसुद्धा नको. जागा पहिल्याच दिवशी नीट ठरवा.

हँडब्रेक ओढून ठेवू नका. ओलीने पॅड आणि डिस्क एकमेकांना चिकटतात आणि सुटताना पॅडचा थरच उखडून येतो. मॅन्युअल गाडी पहिल्या किंवा रिव्हर्स गिअरमध्ये ठेवा, ऑटोमॅटिक असेल तर पी वर, आणि चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. इथे एक फसवं वळण आहे: इलेक्ट्रिक हँडब्रेक असलेल्या बऱ्याच गाड्या इंजिन बंद करताच आपोआप ब्रेक लावतात. तो लागू न देण्याची रीत प्रत्येक गाडीत निराळी असते. ती मॅन्युअलमध्ये शोधा आणि बॅटरीला हात लावायच्या आधी करून बघा.

६. बॅटरी

सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात, म्हणून जरा सविस्तर.

बंद गाडीही वीज पीत असते: अलार्म, घड्याळ, किल्लीची वाट बघणारा रिसीव्हर, ट्रॅकर. समजा हा प्रवाह ५० मिलिअँपिअर आहे. दिवसाला १.२ अँपिअर-तास झाले. ६० अँपिअर-तासांची बॅटरी पंचवीस दिवसांत निम्मी. पुढच्या महिन्याभरात खल्लास. स्पोर्ट्स कारमध्ये वजन वाचवायला बॅटरी लहान दिलेली असेल तर त्याच्याही आधी.

उतरलेली बॅटरी थंडीत नुसती मरत नाही, गोठते. पूर्ण चार्ज बॅटरीतलं आम्ल उणे ५० अंशांच्या खाली गेल्याशिवाय गोठत नाही. पार उतरलेल्या बॅटरीत मात्र जवळजवळ पाणीच उरतं आणि ती उणे १० अंशांच्या आतबाहेरच गोठू शकते. खोकं फुगलेलं किंवा तडकलेलं दिसलं तर त्या बॅटरीला चार्जर लावू नका, ती बदलायचीच.

मल्टिमीटरवर काय दिसायला हवं? गाडी काही तास उभी राहिल्यानंतर १२.६ ते १२.७ व्होल्ट म्हणजे पूर्ण. १२.४ म्हणजे पाऊण. १२ म्हणजे तळाला गेली.

मेंटेनर आणि चार्जर यांत फरक असा, की साधा चार्जर प्रवाह ढकलतच राहतो, बॅटरी उकळते, पाणी उडतं. मेंटेनर बॅटरी भरली की मागे हटतो आणि जेवढी झीज होईल तेवढीच भरून काढतो. तो महिनोन्महिने लावून ठेवता येतो. एजीएम बॅटरी (आम्ल काचेच्या धाग्यांच्या थरात शोषून धरलेली) असेल तर त्यावर एजीएमचा मोड निवडा. लिथियमची असेल तर तिच्यासाठीच बनवलेला मेंटेनर लागतो, साध्याने चालणार नाही. पोर्शने आपल्या काही ट्रॅककडे झुकणाऱ्या मॉडेलांत लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरीचा पर्याय दिलेला आहे. ही बॅटरी शून्याखालच्या तापमानात चार्ज केली की खराब होते. गॅरेज गोठणारं असेल तर ती काढून घरात ठेवा.

आता सापळे.

मेंटेनर कोणत्या सॉकेटला लावलाय ते तपासा. बऱ्याच गॅरेजमध्ये एखादा सॉकेट दिव्याच्या बटणावरच जोडलेला असतो. तुम्ही बाहेर पडताना दिवा घालवता आणि मेंटेनरही बंद पडतो. दिवा घालवून, अंधारात मेंटेनरची छोटी बत्ती चालू आहे ना ते बघा.

बऱ्याच पोर्श ९११ मध्ये बॅटरी पुढच्या डिकीत असते आणि डिकीचं कुलूप विजेवर उघडतं. बॅटरी मेली की डिकी उघडत नाही, आणि डिकी उघडल्याशिवाय बॅटरी मिळत नाही. अशा वेळी फ्यूजबॉक्समधून बाहेर ओढायचं एक टोक दिलेलं असतं, त्याला बाहेरून वीज देऊन कुलूप उघडतात. तुमच्या गाडीत अशी सोय कुठे आहे ते आज शोधून ठेवा. बॅटरीची तार काढणार असाल तर डिकी पूर्ण बंद करू नका, नुसती टेकवून ठेवा.

दाराला चौकट नसलेल्या गाड्यांत दार उघडताना काच काही मिलिमीटर खाली सरकते. वीज नसेल तर ती सरकत नाही. दार जोराने ओढलं तर काच रबरात अडकते, कधी फुटतेही. तार काढायच्या आधी काच थोडी खाली घ्या.

सॉकेटच नसेल तर निगेटिव्ह तार आधी काढा आणि बॅटरी घरात नेऊन महिन्यातून एकदा चार्ज करा. अलार्म आणि ट्रॅकर बंद पडतील, विम्याची अट आठवा. बॅटरी परत जोडल्यावर काचांची हद्द पुन्हा शिकवावी लागते, रेडिओ कोड मागू शकतो, इंजिन पहिले काही किलोमीटर जरा अडखळत चालतं. घाबरू नका.

किल्लीविना उघडणारी गाडी असेल तर किल्ली गाडीपासून लांब ठेवा. भिंतीपलीकडच्या खुंटीवर किल्ली असली तर गाडी पुन्हा पुन्हा जागी होत राहते.

७. उंदीर

उबदार, अंधारी, महिनोन्महिने न हलणारी जागा. उंदराला आणखी काय हवं? एअर फिल्टरचा डबा आणि केबिन फिल्टर ही त्याची आवडती ठिकाणं. फिल्टरचा कागद, सीटमधला कापूस आणि बॉनेटच्या आतलं अस्तर कुरतडून तो बिऱ्हाड थाटतो, आणि जाता-येता वायरी कुरतडतो.

सायलेन्सरच्या तोंडात आणि हवा घेण्याच्या वाटेत जाळीचा बोळा घट्ट बसवा. साधी लोखंडी घासणी वापरू नका, ती गंजते आणि डाग पाडते. प्रत्येक बोळ्याला लांब लाल फीत बांधा, आणि किती बोळे कुठे घातलेत त्याची चिठ्ठी स्टिअरिंगवर चिकटवा. बोळा आत विसरून इंजिन सुरू करणं महागात पडतं.

गाडीतलं खाण्याचं सगळं काढा, सीटखालचा चुरासुद्धा. गॅरेजमध्ये धान्य, बिया किंवा कुत्र्या-मांजराचं खाणं ठेवलं असेल तर तेही हलवा. निम्मं काम तिथेच होतं. पिंजरे गाडीत नकोत, भिंतीच्या कडेने लावा. उंदीर कडेकडेनेच चालतो. विष टाळा. विष खाल्लेला उंदीर हवेच्या नळीत जाऊन मेला तर तो वास पुढचा अख्खा मोसम सोबत करतो. डांबराच्या गोळ्यांचंही तेच, उंदीर जातो की नाही कुणास ठाऊक, वास मात्र सीटमध्ये कायमचा बसतो. होंडा वायरींना गुंडाळायची मिरचीच्या तिखट अर्काची टेप विकते. उघड्या वायरी जास्त असतील तर हा उपाय करण्यासारखा आहे.

८. आतलं काम आणि कव्हर

आत व्हॅक्यूम करा, चामडं पुसून त्याला कंडिशनर लावा, पायाखालच्या चटया काढून घरात ठेवा. ओल शोषणाऱ्या पिशव्या सिलिका जेलच्या घ्या. कॅल्शियम क्लोराइडच्या डब्यात खारट पाणी साठतं. तो सांडला तर गालिचा आणि खालचा पत्रा दोन्ही गेले. काच बोटभर उघडी ठेवावी की बंद? उंदरांची शंका असेल तर बंद. जागा बंदिस्त आणि खात्रीची असेल तर किंचित उघडी, आतली हवा कोंदट होत नाही.

कापडी छताची गाडी असेल तर छत पूर्ण वाळवून, लावून ठेवा. दुमडून ठेवलं तर घड्या पडतात आणि आत बुरशी धरते. दारांच्या रबरांना सिलिकॉन ग्रीसचा हात फिरवा. वायपरखाली कापडाची घडी ठेवा.

कव्हर श्वास घेणारं हवं. प्लॅस्टिकच्या कव्हरखाली ओल अडकते आणि रंगावर ढगाळ डाग येतात. गाडी धुळकट असेल तर कव्हर घालूच नका, धूळ आणि कापड मिळून रंगाला पॉलिश पेपर मारल्यासारखं होतं. उघड्यावर ठेवण्याशिवाय इलाज नसेल तर कव्हर पट्ट्यांनी घट्ट आवळा. वाऱ्यात फडफडणारं कव्हर रात्रभरात कडा घासून काढतं.

९. हिवाळाभर: इंजिन सुरू करू नका

आठवड्यातून एकदा इंजिन सुरू करून दहा मिनिटं घरघरत ठेवायचं, याइतका लोकप्रिय आणि याइतका वाईट सल्ला दुसरा नाही. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. इंजिन पूर्ण तापलेलं असतं तेव्हा ते वाफ होऊन बाहेर जातं. गार इंजिनात ते सायलेन्सरमध्ये साठतं आणि पिस्टनच्या कडेने ऑइलमध्ये उतरतं. अशा गाडीचं ऑइल भरायचं झाकण उघडा, आतल्या बाजूला पिवळसर, दुधाळ, चिकट थर बसलेला दिसेल. सुरू करताना बॅटरीतून जेवढी वीज गेली तेवढी दहा मिनिटांत परतही येत नाही. म्हणजे नवं ऑइल, भरलेली बॅटरी, वाळवलेला सायलेन्सर, सगळ्यावर पाणी.

कोरडा, बिनमिठाचा रस्ता आणि सोसवेल अशी हवा मिळाली तर अर्धा-पाऊण तास नीट चालवून आणा. ते नाही जमलं तर सोडून द्या. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालवणं तर जिवावर बेतू शकतं.

महिन्यातून एकदा जाऊन एवढंच बघा: मेंटेनरची बत्ती, आर्द्रतेचा आकडा, टायर, गाडीखाली डाग, उंदरांच्या लेंड्या. ओल शोषणाऱ्या पिशव्या भरल्या असतील तर बदला. कडाक्याच्या थंडीनंतर पहिला उबदार, दमट दिवस उजाडला की हवा खेळावी म्हणून दार सताड उघडायचा मोह होतो. त्या दिवशी दार बंदच ठेवा. गार पत्र्यावर ती दमट हवा बसली की गाडी नखशिखांत घामेजते.

१०. बाहेर काढताना

घाई करू नका. थंडी सरली तरी रस्त्यावरचं मीठ धुऊन निघायला दोन-तीन चांगले पाऊस लागतात.

विमा आणि नोंदणी पुन्हा पूर्ववत झाल्याची खात्री करा. मग चिठ्ठी हातात घेऊन सगळे बोळे मोजून काढा. बॉनेट उघडून घरटं शोधा, एअर फिल्टरचा डबा आणि केबिन फिल्टर दोन्ही उघडून बघा, कारण वरून काही दिसत नाही. गाडीखाली टॉर्च मारा. ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइलची पातळी बघा. टायरमधली जादा हवा काढून नेहमीच्या आकड्यावर आणा. बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवत असेल तरच पुढे.

इंजेक्टरवाल्या बऱ्याच गाड्यांत ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर फिरवला की पेट्रोल बंद राहतं आणि इंजिन नुसतंच फिरतं. मॅन्युअलमध्ये ही सोय दिलेली असेल तर काही सेकंद तसं फिरवा, ऑइल वरपर्यंत चढतं. मग नेहमीसारखं सुरू करा. ऑइलचा दिवा लगेच विझायला हवा. नाही विझला तर बंद करा. रेव्ह करू नका. अर्ध्या मिनिटाने गाडी हळू बाहेर काढा आणि ऑइल तापेपर्यंत कमी आरपीएमवर चालवा.

पहिले काही ब्रेक रिकाम्या रस्त्यावर, हलके मारा. डिस्कवरचा तांबूस गंज खरवडला जाईल, थोडा आवाज येईल. दहा-पंधरा वेळा ब्रेक मारल्यावर तो गेला पाहिजे. चाक ओढल्यासारखं वाटलं किंवा एकच डिस्क तापली तर कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) अडकलाय, वर्कशॉप गाठा. हवा ७ अंशांच्या खाली असेल तर उन्हाळी टायरला पकड नसते. भरपूर ताकदीच्या, मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत हे पहिल्याच वळणावर कळतं, आणि तिथे कळून उपयोग नसतो.

सुरुवातीला स्टिअरिंग थरथरेल. टायर चपटे झाल्यामुळे ते होतं आणि टायर गरम झाले की बहुतेक वेळा वीस-तीस किलोमीटरमध्ये जातं. थरथर टिकलीच तर बॅलन्सिंग करून बघा. त्यानेही नाही गेली तर टायर बदलावे लागतील. वर्कशॉपवाला या वेळी ऑइलही बदलून घ्या म्हणून आग्रह करेल. हिवाळ्याआधी बदललेलं असेल आणि मधे इंजिन उगाच सुरू केलं नसेल, तर त्याची गरज नाही.